नितळ पाण्याचा पेला
ओल्या कोळशाचा वास आला की माझी फजिती आठवते. वाळू-कोळशाच्या गाळणीचा खेळ घेताना ‘ज्यांचं पाणी नितळ, ते जिंकले’ एवढंच मी वर्गाला सांगितलं. नितळ पाण्यातही जंतू राहतात, हा धडा उद्यासाठी ठेवला होता. जिंकलेल्या गटातल्या पोरीनं मुळा नदीच्या पाटाचं ते पाणी पेलाभर पिऊनच टाकलं. “लई गोड हाय, सर!” शाळा सुटताच ती बरी आहे ना, हे बघायला तिच्या वस्तीवर धडकलो, तर ती अंगणात लंगडी खेळत होती. हुश्श म्हणतोय, तोच तिच्या आईनं तांब्या पुढं केला. “घ्या सर, पाटाचंच हाय. आमी रोज हेच पितो.” नाही म्हणवेना, प्यालो. घरी बायको म्हणाली, “एका पेल्यासाठी एवढे धावलात, आता त्यांच्या हंड्याचं काय?”