तांबड्या माळावरचे टेकू

ती घटना विसरावी असे मी ठरवून पाहिले, जमले नाही. निवृत्तीनंतर सकाळी वर्तमानपत्र वाचणे एवढेच नेमाचे काम उरले आहे, आणि हल्ली त्यात वरचेवर एक लेख असतो: आपल्यासारख्या विकसनशील देशात बांधकाम आणि पायाभूत सुविधांच्या क्षेत्राला फार मोठे भवितव्य आहे. रस्ते, पूल, जलवाहिन्या, सभागृहे. लेखाशेजारी उंच यंत्राचे छायाचित्र असते. मी असे लेख शेवटपर्यंत वाचतो. त्यात टेकूंचा उल्लेख कधी नसतो.

स्लॅब ओतताना खाली पत्रे आणि फळ्या अंथरतात, आणि त्यांना तोलून धरण्यासाठी खालून लोखंडी नळ्या उभ्या करतात. तेच टेकू. आमच्या भागातले कामगार त्यांना जॅक म्हणतात. काँक्रीट स्वतःचा भार पेलू लागेपर्यंत ते काढायचे नसतात. बांधकामावर पाटी वाहणाऱ्या माणसालाही हे ठाऊक असते. पुढे जे घडले ते अज्ञानातून घडले नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी त्या वेळी औराद तालुक्यातील एका ठाण्याचा प्रमुख होतो. सीमेवरचे ठाणे. कागद कन्नडमध्ये, चौकशी बहुधा मराठीत, आणि शिव्या तिन्ही-चारी भाषांत. संतपूरच्या पलीकडे, काळ्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर, एका ओढ्यावर लहान पूल बांधला जात होता. एका सकाळी त्याचा स्लॅब कोसळला. ओतलेल्या स्लॅबला घट्टपणा यावा म्हणून त्यावर रोज पाणी मारावे लागते. ते पाणी मारायला वर गेलेली एक बाई स्लॅबसह खाली आली. आम्ही पोहोचलो तेव्हा गावकऱ्यांनी तिला बाहेर काढले होते. ती गेलेली होती.

दुपारी ठेकेदाराचा सुपरवायझर फिर्याद घेऊन आला. रात्री चोरट्यांनी पुलाखालचे जॅक भंगारासाठी पळवले, त्यामुळे स्लॅब पडला, असे त्याचे म्हणणे. संशय सेंट्रिंग मिस्त्रीवर, म्हणजे टेकू लावणाऱ्या आणि काढणाऱ्या कारागिरावर. तो त्याच गावचा. मेलेली बाई त्याची सख्खी वहिनी.

घर पूर्वी मेंढरांवर जगणारे. आजोबाच्या काळात कळप होता; आता कळप नाही, चराऊ रानही नाही. थोरला भाऊ मिळेल ते मजुरीचे काम करी. धाकट्याने सेंट्रिंगचे काम उचलले आणि गावातली बरीच माणसे हाताखाली घेतली. वहिनीला त्या पुलावर काम त्यानेच लावून दिले होते.

स्थळ महजर करताना, म्हणजे जागेचा पंचनामा करताना, मी पुलाखाली उतरलो. टेकू गेले होते, पण एकाआड एक. एक स्लॅबखाली वाकलेला पण जागच्या जागी, त्याच्या शेजारचा गायब. ओल्या मातीत त्यांच्या तळपत्र्यांचे चौकोनी ठसे स्पष्ट होते. भंगारचोर अंधारात हाताला येईल ते उपसतो. एक सोडून एक असा नेम तो पाळत नाही. ही नोंद मी महजरमध्ये घातली आणि मिस्त्रीला ताब्यात घेतले.

तो बोलला नाही. मारण्याची माझी पद्धत नव्हती, आणि त्याची गरजही नव्हती. अनुभव असा, की चोर बहुधा बोलतो. तो शपथा घेतो, दुसऱ्याचे नाव सांगतो, विडी मागतो. हा भिंतीकडे पाहून बसला. जेवण आणले तर जेवला. विचारले तर मान खाली. असा माणूस स्वतःला वाचवत नसतो.

थोरला भाऊ रोज येऊन वऱ्हांड्यातल्या बाकावर बसे. बायकोला माती दिलेली, घरी लहान मुले. आमचा हवालदार तोंडाचा फटकळ होता.

"कामून बसायलास रे इथं? इथं काय लगीन हाय?"

"भाऊ आत हाय माझा."

"त्याच्यापायीच गेली न्हवं तुझी बायको?"

"व्हय. म्हणून तर बसायलोय. त्याला एक इचारायचंय."

"काय इचारायचंय ते मला सांग, मी इचारतो."

"तुमच्यानं न्हाई व्हायचं ते, अप्पा."

नंतर हवालदाराने त्याला चहा पाठवल्याचे मी पाहिले.

खबर आली ती अनपेक्षित जागेवरून. हळ्ळीखेडच्या फाट्यावर पंक्चर काढणारा एक माणूस होता. पूर्वी एका प्रकरणात साक्षीदार म्हणून तो माझ्या परिचयाचा झाला होता. त्याने फोन केला.

"साहेब, पुलाचे जॅक चोरीला गेले म्हणं तुमच्याकडं?"

"तुला काय माहीत?"

"ते चोरटे माझ्याच दुकानावर थांबले होते की. टेम्पो भरून जॅक. टायर बसलं होतं. दुपारची टाइम. पंक्चर काढलं, च्या पिला, माझ्यासंगं राजकारणावर भांडण केलं. चोराला काय घाई न्हवती, साहेब."

"कोणत्या दिवशी?"

"पूल पडायच्या आदल्या दिशी."

फिर्यादीत चोरी रात्रीची होती. टेम्पो कोणत्या दिशेने गेला, तेही त्याने सांगितले. सर्कल साहेबांना, म्हणजे माझ्या वरिष्ठ निरीक्षकांना, कळवून मी दोन शिपाई आणि पंच बरोबर घेतले आणि बीदरमार्गे निघालो.

हा जिल्हा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. औरादकडची जमीन काळी आणि चिकट. बीदर ओलांडून हळ्ळीखेडच्या वाटेला लागले की तांबडा माळ सुरू होतो. जांभा दगड, तांबडी माती, बुटाला तांबडा रंग. अशाच एका माळावर सभागृहाचे काम चालू होते. ठेकेदार तोच. स्लॅबचे पत्रे अंथरले होते आणि खाली टेकूंची रांग उभी होती.

मी वाकून पाहिले. काही टेकूंचे तळपत्रे तांबडे होते. काहींच्या तळाला काळ्या मातीचे जाड थर वाळून बसले होते, आणि ते तांबड्या जमिनीवर उभे होते. त्या माळावर काळी माती स्वतः चालत आलेली नव्हती. पंचांसमक्ष छायाचित्रे घेतली, मातीचे नमुने मोहोरबंद केले, काळ्या मातीचे टेकू जप्त केले. त्यांची संख्या आणि तळाचा आकार पुलाखालच्या रिकाम्या जागांशी जुळला.

ठेकेदार तिथेच होता. शिकलेला, पांढऱ्या शर्टातला, नम्र माणूस. त्याने काही नाकारले नाही. मला खुर्ची दिली.

"साहेब, तुम्हीच सांगा. इतकी कामं निघालीत, एवढी मंजुरी कधी मिळाली होती आपल्या भागाला? पुढची वीस वर्षं बांधकामाचीच आहेत. कामं भरपूर आहेत. जॅक कमी पडायलेत."

"मग आणखी घ्यायचे."

"सगळेच मागायलेत. भाड्यानंही मिळत न्हाईत. इथलं काम अडलं की मंजुरी जाते. ह्या गावाला मग सभागृह कधी? तुम्ही थांबवा म्हणाल तर थांबवतो. पण बाकीचे कोण कोण थांबणार?"

"पुलाचे टेकू काढायला कोणी सांगितले?"

"सांगावं लागत न्हाई, साहेब. सुपरवायझर टेम्पो पाठवतो. मिस्त्रीला कळतं."

एक टेकू ठाण्यात आणून मी मिस्त्रीसमोर भिंतीला टेकवून ठेवला. काही विचारले नाही. त्याने तळाची माती पाहिली आणि हनुवटी छातीला लावून बसला. मग म्हणाला, "अण्णाला बोलवा."

भाऊ आत आला. मी जबाब लिहून घ्यायला बसलो.

"चोरलास का तू?" थोरल्याने विचारले. तोच त्याचा एक प्रश्न होता.

"न्हाई अण्णा. टेम्पो आला, मी काढून दिले. एक सोडून एक."

"मग चोर कामून म्हणवून घ्यायलास?"

"मालक म्हणला, चोरीचं ऱ्हाऊ दे तुझ्यावर, वकील देतो, लवकर सुटशील. खरं सांगितलं तर काम बंद. आपल्या गावातल्या एकालाबी कुठं कामाला घेणार न्हाईत."

थोरला त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"सकाळी ती वर जायली तवा तू कुठं होतास?"

"खालीच."

"बघायलतास?"

"व्हय."

"आन् काय बोलला न्हाईस?"

"रोजच काढतो, अण्णा. समदीकडं असंच काढतेत. कधी पडलं न्हाई."

मी अनेक कबुलीजबाब ऐकले आहेत. त्यांत खून करणाऱ्यांचेही आहेत. इतके साधे वाक्य त्यांत नव्हते.

थोरला हळू आवाजात म्हणाला, "चोर असतास तर बरं झालं असतं. चोराला ती कोण लागत होती?" आणि बाहेर निघून गेला. त्यानंतर तो बाकावर बसायला आला नाही.

गुन्ह्याची कलमे बदलली. चोरीची फिर्याद खोटी ठरली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल ठेकेदार, सुपरवायझर आणि मिस्त्री यांच्यावर दोषारोपपत्र दाखल केले. तपास म्हणून तो स्वच्छ होता. वरिष्ठांनी शाबासकी दिली. निकाल मी निवृत्त झाल्यावर लागला: सर्व निर्दोष. टेम्पोचालकाला काही आठवले नाही. टेकू काढल्यामुळेच स्लॅब पडला हे निःसंशय सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. फाट्यावरचा पंक्चरवाला तेवढा जबाबावर ठाम राहिला. मृत बाईच्या नवऱ्याने, पूल कसा पडला ते मला माहीत नाही, अशी साक्ष दिली.

पोलिसाला एक सवय लागते. प्रेत दिसले की त्यामागचा माणूस शोधायचा. या प्रकरणात मी शोधत गेलो आणि दर वळणावर घाईत असलेला एक सामान्य माणूस भेटला. गावाला पूल हवा होता, दुसऱ्या गावाला सभागृह हवे होते, कचेरीला काम वेळेत पूर्ण झालेले हवे होते. माझ्या दोषारोपपत्रात तीन नावे मावली. वर्तमानपत्रातले लेख म्हणतात की हे क्षेत्र वाढणार आहे. ते वाढेल याविषयी मला शंका नाही. कामे टेकूंपेक्षा वेगाने वाढत आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते थांबवण्याचा उपाय मला तेव्हा सुचला नव्हता. आजही सुचलेला नाही.

निकालापेक्षा मला एक दुपार आठवते. ती खटल्याच्या आधीची. जप्त टेकू ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून रचून ठेवले होते. ठेकेदाराने ते परत मिळावेत असा अर्ज केला. खटला संपेपर्यंत लोखंड गंजत ठेवू नये, असा कायद्याचा दृष्टिकोन आहे, आणि तो चुकीचा नाही. नमुने व छायाचित्रे आमच्याकडे सुरक्षित होती. न्यायालयाने बंधपत्रावर टेकू सोडले.

टेम्पो आला. सुपरवायझरने सह्या केल्या. मागून दोन माणसे उतरली: जामिनावर सुटलेला मिस्त्री आणि त्याचा थोरला भाऊ. दोघे एकमेकांकडे पाहत नव्हते, पण एका लयीत टेकू उचलत होते.

मी थोरल्याला बाजूला बोलावले. "तू याच्याकडे कामाला?"

"लेकरं हायत, सायेब."

"दुसरीकडे बघ काही."

"दुसरीकडंबी हेच जॅक हायत."

"हे कुठे चाललेत?"

"एका पुलावर."

तो परत गेला आणि खाली बसला. एक दगड उचलून तो टेकूंचे तळ ठोकू लागला. माती वाळून दगडासारखी झाली होती. ती तुकड्यातुकड्यांनी सुटत होती. माझी नजर त्याच्यावर आहे हे त्याला जाणवले असावे.

"माती ऱ्हायली की जॅक सरळ हुबा ऱ्हात न्हाई," तो म्हणाला.

त्याने एकेक तळ साफ केला, हात फिरवून पाहिला आणि टेकू भावाच्या हाती दिला. टेम्पो फाटकाबाहेर गेला. आवारात काळ्या मातीचा लहानसा ढीग राहिला होता. संध्याकाळी शिपायाने तो झाडून काढला.