फक्त शेवट पाहिलेले सिनेमे

पनवेलचा तो मॉल उघडला तेव्हापासून हौसा तिथल्या थेटरात सफाईला होती, पण एकही सिनेमा तिने सुरुवातीपासून पाहिला नाही. खेळ संपायच्या थोडं आधी झाडू आणि काळ्या पिशव्या घेऊन बायकांनी आत दाराशी उभं राहायचं, दिवे लागले की पुढच्या खेळासाठी रांगा झाडून काढायच्या, असा नियम होता. त्यामुळे तिच्या वाट्याला नुसते शेवट येत. कोण कोणाला मारतंय ते दिसे. का मारतंय, ते कळत नसे.

विचुंब्याला, नव्या इमारतींच्या मागे उरलेल्या जुन्या आळीत, तिचा नवरा महादेव खाटेवर पडून असे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात उमेदीची सगळी वर्षं ओझी उचलली आणि एका सकाळी उजवं अंग लुळं पडलं. जीभ तेवढी शाबूत राहिली. हौसा दारात चपला काढते न काढते तोच तो विचारी, "आज कोन मेला गो?"

ती शेवट सांगे आणि महादेव त्याला सुरुवात जोडी. भावाने भावाला गोळी घातली, म्हणजे बांधावरून भांडण झालं असणार. नवरी मांडवात रडली, म्हणजे वरातीतल्यांनी मटणाला नावं ठेवली असणार. इंग्रजी सिनेमातल्या राक्षसालाही तो विचुंब्याच्या तळ्यात आणून सोडी. शेजारची शकू ऐकायला येई आणि हसता हसता उंबऱ्यावरच बसकण मारी.

पुढे मॉलला उतरती कळा लागली. आधी कपड्यांची दुकानं गेली, मग सरकते जिने थांबले, आणि चैत्रात मुकादमाने बायकांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. हौसाने खांदा कॉलनीत सुमतीबाईंकडे धुण्याभांड्याचं काम धरलं. महादेवला ती काही बोलली नाही. त्याच सुमाराला डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्याचं हृदय थकलंय, आता औषधांनी त्रास तेवढा कमी होईल. दोन्ही बातम्या तिने पोटात ठेवल्या. महादेवच्या लेखी थेटर चालू आहे तोवर घरात सगळं जागच्या जागी आहे, असं तिला वाटत होतं.

सुमतीबाईंची भांडी घासता घासता ती शेवट रचू लागली. हरवलेलं पोर सापडे. बुडालेला कोळी काठाला लागे. दवाखान्यातला म्हातारा आपल्या पायांनी घरी येई. महादेव सुरुवात जोडी, पण पहिल्यासारखा रंगत नसे.

एका संध्याकाळी त्याने काही विचारलंच नाही. मग पीठ मळता मळता तिने आपणहून एक शेवट सांगितला. तो संपल्यावर महादेव म्हणाला, "थेटर बंद जाला ना?"

हौसाचा हात परातीतच थांबला. शकूने सांगितलं का, तिने विचारलं.

"ती कशाला सांगंल? चैतापासून कोनी मेला नाय. असा पिच्चर कुठं अस्तो?" त्याने दम घेतला. "मना कायतरी जालाय, म्हनून तू सगल्यांना वाचवतेस. डाक्टर काय बोल्ला? खरा शेवट सांग."

हौसाने सांगितला. पिठाचे हात तसेच ठेवून, सिनेमाचा सांगे तशाच सरळ आवाजात. श्वास कसा कमी कमी पडत जाईल, पायांना सूज कशी येईल, इस्पितळात नेऊनही उपयोग कसा नाही. का, ते तिलाही कळलं नव्हतं.

इतके दिवस खोटं बोलली म्हणून महादेव चिडेल, याची ती वाट बघत होती. पण जुन्या सवयीने त्याने याही शेवटाला सुरुवात जोडायला घेतली.

"कलंबोलीला एक हमाल होता," तो म्हणाला. "चांगला उंच. बायको खोटारडी."

मध्येच त्याला धाप लागली. हौसाने हात पुसले, उशी उंच केली. बाकीचं उद्या, असं त्याने खुणेने सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही थोडंच झालं. रोज थोडं थोडं. श्रावणात महादेव गेला, तेव्हा गोष्ट त्यांच्या हळदीपर्यंत आली होती.