पडद्यामागचा ब्रश

मूल गावच्या बाजारात वाजिदभाईंचं गादीचं दुकान आहे. कापूस पिंजायचं मशीन ते सांभाळतात आणि गिऱ्हाईक त्यांची बायको फरहत सांभाळते. रजईला टाके घालता घालता ती समोरच्याच्या घरची सगळी खबर काढून घेते. वाजिदभाई दिवसभरात जेवढं बोलतात, तेवढं ती एका उशीच्या सौद्यात बोलते.

दुकानाच्या बाजूला केसरबाई भाजी घेऊन बसते. दोघींचं रोज भांडण होतं आणि रोज एकत्र चहा होतो.

एका दुपारी गावची आशा कार्यकर्ती कांता दोघींसमोर येऊन उभी राहिली. सरकारी दवाखान्यात शिबिर होतं. गर्भपिशवीच्या तोंडाला एचपीव्ही नावाचा विषाणू लागतो; बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप निघून जातो, पण एखादीच्या अंगात वर्षानुवर्षं राहिला तर कॅन्सर होऊ शकतो. तो आहे की नाही, तेवढं बघायचं होतं.

"डॉक्टरनं हात लावाची गरज नाई," कांता म्हणाली. "पडद्यामागं जायचं, लहानसा ब्रश आत फिरवायचा आन् नळीत टाकायचा. तुमचं तुमीच."

"मले काई झालं नाई," फरहत म्हणाली. "मी घाबरते म्हणून नाई सांगत."

"मंग काऊन सांगून राह्यली?" केसरबाईनं विचारलं. "मी तर जाऊन राह्यली. तू बस इथी."

एवढं पुरलं. दोघी गेल्या. केसरबाई पडद्यामागं गेली आणि गेली तशीच बाहेर आली. "सुई ओवाले यापेक्षा जास्त वेळ लागते," म्हणाली. फरहतला मात्र बराच वेळ लागला, कारण ती आतूनच कांताला प्रश्न विचारत होती. बाहेर थांबलेल्या बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या.

काही आठवड्यांनी कांता दुकानात आली आणि तिनं फरहतला आतल्या खोलीत नेलं. विषाणू सापडला होता.

"म्हंजे कॅन्सर झाला असं नाई, बाई. पण पुढची तपासणी करा लागन."

फरहत बाहेर येऊन गप्प बसली. मशीन सुरू असूनही वाजिदभाईंना दुकानात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटलं. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. मग ते उठून स्वतः चहा करायला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. साखरेच्या जागी मीठ पडलं. फरहतनं तो चहा एक शब्द न बोलता पिऊन टाकला, तेव्हा वाजिदभाई खरे घाबरले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला टेबलावर झोपवून बोळ्यानं काहीतरी लावलं. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला.

"सिरका हाय का मॅडम?"

"तसंच समजा. बिघडलेल्या पेशी यानं पांढऱ्या दिसतात."

"लोणचं घालून राह्यल्या का माहं?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पांढरा डाग दिसलाच. तिथला कणभर तुकडा त्यांनी तपासायला पाठवला. रिपोर्ट ऐकायला वाजिदभाईही सोबत गेले. कॅन्सर नव्हता, पेशी मात्र त्या वाटेला लागल्या होत्या. असंच सोडलं असतं तर पुढं काही वर्षांनी तो होण्याची भीती होती.

वाजिदभाईंनी जमिनीकडे बघत विचारलं, "मॅडम, हे येते कुठून?"

"संबंधातून. कोणाकडून आणि कधी, ते कोणी सांगू शकत नाही. खूप जुनाही असेल. हा विषाणू बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी लागतोच. यात दोष कोणाचा नसतो."

"मी कुठी गेलो नाई," वाजिदभाई म्हणाले.

"तुमाले विचारलं कोणं?" फरहत म्हणाली. "त्या मशीनपासून हलता तरी का तुमी."

मग डॉक्टरीणबाईंनी यंत्राच्या गरम टोकानं तेवढा भाग जाळून टाकला. पोटात कळ आली आणि गेली. त्या वेळात फरहत अजिबात बोलली नाही, त्याबद्दल वाजिदभाईंनी डॉक्टरांचे वेगळे आभार मानले, असं तीच सांगते.

ती बाजारात परतली तर केसरबाई डोळे पुसत बसलेली.

"माह्या नमुन्यात तपासाले काईच नाई म्हणते कांता. कवाची परत मागून राह्यली. मी ब्रश फिरवलाच नाई, फरहत. मले भेव वाटलं. तसाच नळीत टाकला."

"आन् मले पुढं ढकललं?"

"हो."

फरहतला राग यायला हवा होता. पण केसरबाईनं मिजास केली नसती तर आपण गेलोच नसतो, हेही तिला दिसत होतं.

"उठ," ती म्हणाली. "भाजी झाक."

या वेळी केसरबाईला पडद्यामागं फार वेळ लागला, कारण फरहत बाहेरून हुकूम सोडत होती. तिच्या रिपोर्टात काही निघालं नाही.

वर्षभरानं फरहतची पुन्हा तपासणी झाली. विषाणू गेला होता. त्याच महिन्यात बल्लारपूरला तिच्या बहिणीच्या, नाहीदच्या मुलीचं लग्न निघालं. बायांच्या बाजूला मेंदी चालली असताना फरहतनं आपली सगळी गोष्ट सिरक्यापासून सांगायला घेतली. तिचा आवाज कनातीपलीकडे पुरुषांच्या पंगतीपर्यंत पोचत होता. वाजिदभाई बिर्याणीचं ताट घेऊन मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

थोड्या वेळानं नाहीद तिथंही आली.

"दुल्हेभाई, ती डॉक्टरीण कोणत्या वारी बसते?"

"मंगळवारी," वाजिदभाई ताटातून नजर न उचलता म्हणाले. "सकाळी या. आमच्याकडेच उतरा."