मुकादमाला लागलेला आठवा महिना

माझी पोटुशी सून उसाच्या फडात झटके येऊन पडली आणि मी कांदा फोडून तिच्या नाकाला लावायला धावले, तेव्हा आमच्या मुकादमानं माझा हात धरला. “नाकातोंडात काय बी घालू नको, मावशे! डाव्या कुशीवर घे तिला!” मिशा आणि शिव्या यांपलीकडे ज्याच्याजवळ काही नाही असं आम्ही समजत होतो, त्या माणसाइतकी बाळंतपणाची माहिती असलेला बाप्या अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल.

आम्ही आष्टीकडचे. दिवाळी झाली की टोळी दिंद्रुडकडे ऊस तोडायला येते. लेक-सून कोयता चालवतात, मी कोपीवर, आमच्या पाचटाच्या झोपडीपुढं, भाकरी थापते. यंदा निघण्याआधी नर्सबाईनं पोटुशा बायांची नावं फोनमधल्या ॲपात घातली. नंबर विचारला, तर प्रत्येकीनं मुकादमाचाच सांगितला. आम्हाला निरोप येतो तो त्याच्याच फोनवर, आणि तोच एक नंबर सगळ्यांना पाठ. मग तिनं तेच ॲप त्याच्या फोनात घालून दिलं. तेव्हापासून त्या फोनातली बाई त्यालाच सांगायला लागली, “ताई, तुम्हाला आता आठवा महिना लागला. जड उचलू नका.” आणि हा गडी मास्तरांपुढं उभं राहिल्यासारखा ऐकायचा.

पोरं त्याला सोडतात होय? “मुकादम, डोहाळे कशाचे लागले?”

“तुझ्या बायकोला विचार बे! आन् तिच्या डोक्यावर मोळी दिसली, तर तुलाच बांधून ट्रकात टाकीन.”

बायांना विचारायची मात्र त्याला लई लाज. कोपीपुढं यायचा, आमच्याकडे पाठ करायचा आणि उभ्या उसाकडे बघत ओरडायचा, “मावशे, विचार तिला, पायावर सूज हाय का? लघवी नीट होती का?” सगळ्या फडाला ऐकू जायचं. सून पदरात तोंड खुपसून म्हणायची, “आत्याबाई, न्हाई म्हना त्यांला.”

चांगला माणूस आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या लेकाला त्यानं अंगात ताप असताना फडात उभं केलंय. पण फोनमधल्या बाईचा शब्द त्यानं कधी मोडला नाही. “बायकोचं येवढं ऐकलं असतंस तर तिनं आरती ओवाळली असती,” असं मी त्याला तोंडावर म्हटलं.

“ती येवढं गोड बोलती का, मावशे?”

त्या दिवशी सकाळपासून सुनेचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. लाजेनं ती कुणाला बोलली नाही, आणि पडली. मुकादमानं ॲपातली लाल खूण दाबून रुग्णवाहिका मागवली. अर्धा भरलेला ट्रक उभा, कारखान्याचा माणूस बोंबलतोय. “वाळू दे तुझा ऊस!” मुकादम त्याला म्हणाला. फडाच्या वाटेवर पाटाचं पाणी आलेलं, रुग्णवाहिका आत येईना. मग पोरांनी तिला बाजेवर घेतलं. उशाकडची बाजू त्यानं स्वतः धरली आणि डांबरीपर्यंत तिच्या तोंडावरची नजर काढली नाही.

रक्तदाब चढला होता, पोट फाडून पोर काढावं लागेल, असं दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली. माझी थोरली लेक अशीच झटके येऊन गेली होती. तेव्हा काय करायचं ते आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुकादम व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. तळहातावर तंबाखू आणि दुसऱ्या हातात चुन्याची डबी घेऊन दाराकडे बघत होता, चुना लावायचंच विसरला होता. मी त्याच्या हातातून डबी घेतली, तंबाखू मळून दिली.

सून जगली. नात जगली.