दोन फांद्यांची गाठ

मॅडम मागून यायच्या आणि आमच्या कीबोर्डवर सरळ तळहात ठेवायच्या. मग म्हणायच्या, “पोटात हात घालायचा न्हाई. तिला सांगायचं.”

‘ती’ म्हणजे आम्ही प्रोग्रॅममध्ये लिहिलेली रांग. सांगलीच्या कॉलेजात त्या आम्हाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवत. आटपाडीकडच्या, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या. रांगेत माणूस वाढवायचा, तर ते काम रांगेनंच करायचं, बाहेरून तिचे आकडे बदलायचे नाहीत, हा त्यांचा कायदा. मी एकदा घाईत बाहेरूनच आकडा बदलला.

“चाललं की, मॅडम.”

“आज चाललं. उद्या दुसऱ्यानं बदलला, तर रांगेला कसं कळायचं?”

त्यांनी मला सगळं परत लिहायला लावलं.

असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. पण मॅडमची एक गोष्ट मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. हा विषय त्या स्वतःच नव्यानं शिकत होत्या आणि ते लपवत नव्हत्या. अडलं की खडू ठेवून म्हणायच्या, “हे मला अजून न्हाई आलं. उद्या सांगते.” आणि दुसऱ्या दिवशी सांगायच्याच.

एक दिवस तपासणीला बाहेरचे तिघे आले आणि वर्गात मागे बसले. मला हुशारी दाखवायची होती. तेव्हा आम्ही ‘झाड’ शिकत होतो, म्हणजे एकेका गाठीत एकेक आकडा ठेवून गाठी फांद्यांसारख्या जोडायच्या. मी उभा राहून विचारलं, “झाडातल्या ज्या गाठीला खाली दोन फांद्या आहेत, ती गाठ काढली तर फांद्या कुठं जोडायच्या?”

मॅडमनी फळ्यावर झाड काढलं. पुसलं. परत काढलं. मग आमच्याकडे वळून तेच वाक्य म्हणाल्या. मागे बसलेल्या त्या तिघांपैकी एकानं काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण तास तेच शिकवलं. उजव्या फांदीतली सगळ्यात लहान आकड्याची गाठ काढलेल्या गाठीच्या जागी वर आणायची, हे इतकं स्वच्छ सांगितलं, की मागच्या बाकावरच्या पोरांनाही कळलं. पण तो तास बघायला ते तिघे नव्हते. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात मॅडमचं नाव नव्हतं.

काही महिन्यांनी त्या मला एसटी स्टँडवर दिसल्या. शिरवळला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली होती. मी जवळ गेलो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणालो, “मॅडम, त्या दिवशी मला उत्तर ठाऊक होतं.”

“व्हय, ठाऊक हाय मला.”

“मग काही बोलला का नाहीत?”

“प्रश्न बरोबर हुता की रं.” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “आणि मला तो येत नव्हता, हेबी खरंच.”

माफी मागायची म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी लागली. लोक दाराकडे धावले. मॅडम धावल्या नाहीत, म्हणून त्यांना जागा मिळाली नाही. गाडी वळली, तेव्हा वरची दांडी धरून त्या उभ्या दिसल्या, आणि दुसऱ्या हातानं कुणाचं तरी लहान मूल सावरत होत्या.