नरेशने मागितलेला तिसरा रंग

नरेश भोयर गेल्याची बातमी ऑफिसात मीच सगळ्यांना कळवली. चार ओळींची मेल होती. तिच्यात मी 'आकस्मिक निधन' असं लिहिलं, कारण तशी लिहायची पद्धत आहे. डॉक्टरांच्या अंदाजाने त्याला जायला पाच-सहा तास लागले असावेत. पुढे शोकसभेत मी त्याला 'उमदा सहकारी' म्हणाले, त्याच्या सोसायटीतल्या लोकांसमोर 'माझा जवळचा मित्र' म्हणाले, आणि दोन्हीकडे लोकांनी माझ्याच खांद्यावर हात ठेवला. आता पाच आठवडे झाले. या पुरवणीने त्याच्याविषयी लिहायला सांगितलं आहे, तेव्हा सांत्वन पुरे.

आम्ही दोघं एकाच दिवशी कामाला लागलो. तो वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा आणि मी शनिवार पेठेतली, म्हणजे लकडी पुलापलीकडे कुणाला काही येत असेल यावर फारसा विश्वास नसलेली. तो 'करून राहिलो', 'बोलून राहिलो' म्हणायचा आणि मी त्याच्या तोंडावर त्याची नक्कल करायचे. तो हसायचा. शनिवारी तो माझ्या स्कूटरवर मागे बसून बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात यायचा, जुने सुटे भाग उचलून निरखायचा आणि बहुतेक वेळा परत ठेवून द्यायचा. पण त्याची खरी ओळख म्हणजे सकाळचा आठचा फोन. वडील लवकर गेलेले, आई आर्वीला एकटी. कुठेही असला तरी आठ वाजता तो तिला फोन लावायचा. "आहे. बरा आहे. ठेव." एवढंच बोलणं. मी एकदा विचारलं, की ही काय शाळेतली हजेरी आहे का? तो म्हणाला, "तिला गप्पा नको असतात गं. मी आहे, एवढंच पाहिजे असतं." एकदा त्याचा फोन बिघडला, तर सव्वानऊला आईने थेट आमच्या ऑफिसात फोन केला. भोयरला आईने शोधून काढला, म्हणून आम्ही पुढे महिनाभर त्याला पिडलं. पिडणाऱ्यांत मी पुढे होते.

आमचं काम थोडक्यात असं. परदेशातल्या गिऱ्हाइकांची सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी दूरच्या इमारतींतल्या शेकडो यंत्रांवर चालतात. एकेक काम बंद डब्यात घालून यंत्रावर सोडायचं. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. असे हजारो डबे. कुठला चालू आहे, कुठला पडला, पडलेल्याच्या जागी नवा आला का, यावर नजर ठेवणारा स्क्रीनवरचा फलक नरेशने लिहिला. एकेका कामाला एकेक ठिपका. चालू तो हिरवा, पडला तो लाल. प्रत्येक यंत्र दर अर्ध्या मिनिटाला 'मी आहे' एवढाच निरोप पाठवतं आणि त्यावर फलक चालतो. आता यंत्रच गप्प झालं तर काय दाखवायचं? काम पडल्याचं कुणी सांगितलेलं नसतं, चालू असल्याचंही नसतं. फलक आपला जुना हिरवा ठिपका दाखवत बसतो. नरेशला तिथे तिसरा रंग हवा होता, राखाडी, आणि शेजारी शेवटचा निरोप येऊन किती मिनिटं झाली तो आकडा.

तोवर मी त्याची वरिष्ठ झाले होते. गिऱ्हाईक फलक बघायला येणार होतं. भरल्या खोलीत, बारा जणांसमोर, तो उभा राहून समजावत होता, "हिरवा म्हणजे चालू आहे असं नाही. शेवटचं ऐकलं तेव्हा चालू होतं, एवढंच. आता काय आहे ते आपल्याला माहीत नाही, तर तसं दाखवावं."

मी म्हणाले, "भोयर, आपल्याला माहीत असतं म्हणून गिऱ्हाईक आपल्याकडे येतं. माहीत नाही हे सांगायला त्यांची स्वतःची माणसं आहेत. तत्त्वज्ञान घरी. इथे दोनच रंग."

सगळे हसले. तोही थोडा हसला आणि बसला. त्या वर्षी त्याच्या कामाच्या मूल्यमापनात मी लिहिलं, 'निर्णय घ्यायला कचरतात.' त्यामुळे त्याची बढती राहिली. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून मला 'शुभदा' म्हणायचं सोडून 'मॅडम' म्हणायला लागला. मला ते आवडलं, हेही सांगून टाकते.

मग घरून काम सुरू झालं. माणसं दिसेनाशी झाली आणि माझी पंचाईत झाली. ऑफिसच्या चॅटवर प्रत्येकाच्या नावापुढे ठिपका असतो. कीबोर्ड-माउस हलता असला की हिरवा. मी नियम काढला, साडेनऊ ते साडेसहा प्रत्येकाचा ठिपका हिरवा पाहिजे. नरेश एकदा दूध आणायला खाली गेला तेव्हा मी त्याला सर्वांच्या गटात विचारलं, "भोयर, आहात की आर्वीला गेलात?" त्याने उत्तर दिलं, "आहे, मॅडम." त्यानंतर त्याचा ठिपका कधी विझला नाही. मला वाटलं, माणूस सुधारला.

तो बुधवार होता. सव्वानऊला त्याच्या आईचा फोन ऑफिसातून वळून मला आला. "बाई, आठ वाजता फोन नाही आला त्याचा. मी लावून राहिली तं उचलून नाही राहिला."

मी स्क्रीनकडे पाहिलं. नरेश भोयर, हिरवा.

"काकू, तो कामाला बसलाय," मी म्हणाले. "माझ्यासमोर दिसतोय की."

"दिसून राहिला ना? मंग बरं. मंग नाही लावत मी, कामात असन."

त्यांनी त्याला पुन्हा फोन लावू नये, हे मीच घडवलं. त्याला मात्र लिहिलं, "आईला फोन करा. लहान आहात का?" दुपारी लिहिलं, "दिसताय, पण उत्तर देत नाही. हे चालणार नाही." चार वाजता त्याची लेखी तक्रार वर पाठवली. बेफिकिरी, असा शब्द वापरला. तोवर तो गेलेला होता.

गुरुवारी आठनंतर काकूंचा पुन्हा फोन आला आणि या वेळी त्या नुसत्या रडत होत्या. ठिपका अजून हिरवाच होता. माझ्या घरापासून त्याची कोथरूडची सोसायटी स्कूटरवर दहा मिनिटं... दहाच. वॉचमनने किल्लीवाला आणला. नरेश न्हाणीघराच्या दारात पडलेला होता. बुधवारी सकाळी पाय घसरून डोकं आपटलं होतं. स्वयंपाकघरात फोन होता, त्यावर आईचे न उचललेले कॉल. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जीव असावा, सकाळीच आणायला हवं होतं. टेबलावर त्याने बुधवारी उठल्याउठल्या लावलेला लॅपटॉप चालूच होता आणि माउसचा बाण कुणी हात न लावता स्क्रीनवर सावकाश फिरत होता. त्याने छोटा प्रोग्राम लिहिला होता. लॅपटॉप लावला की तो आपोआप सुरू व्हायचा. त्याचं नाव त्याने ठेवलं होतं, 'मॅडमसाठी'.

लॅपटॉप कंपनीचा, म्हणून दहाव्या दिवशी ऑफिसात आला. शोकसभेसाठी त्या दिवशी आम्हीही सगळे ऑफिसात होतो. यंत्रविभागातल्या कुणीतरी तपासायला म्हणून सुरू केला आणि आमच्या सगळ्यांच्या स्क्रीनवर नरेश भोयर हिरवा झाला. एक मुलगी किंचाळली. मी जाऊन तो बंद केला. त्याच आठवड्यात मी फलकात तिसरा रंग घालून घेतला. गिऱ्हाइकाने कळवलं, उत्तम कल्पना. मी आभार मानले. कल्पना कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता आठ वाजता काकूंचा फोन मला येतो. तेरावं झाल्यावर त्यांनीच सुरू केला. "आहेस ना बाई? बरी आहेस? ठेवते." एकदाच थोडं लांबलं. त्यांनी विचारलं, "तू तं म्हटलं होतं, दिसून राहिला म्हणून. काय करून राहिला होता तो तवा?" मी म्हणाले, "काम करत होता, काकू." त्या म्हणाल्या, "कामाचाच होता तो." आणि ठेवला.

ही पुरवणी आर्वीला जाते. काकू शब्दकोड्यासाठी ती आधी उघडतात, हे मला नरेशनेच सांगितलं होतं. त्यांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून हे इथे लिहिलं. रविवारी साताच्या सुमारास पेपर त्यांच्या दारात पडेल. आठ वाजता मी फोन समोर घेऊन बसेन. आज सकाळी त्यांनी विचारलं, बरी आहेस ना, आणि मी हो म्हणाले. हे लिहीपर्यंत आमचं शेवटचं बोलणं झालं ते एवढं.