उंदरांना जे जमलं नाही

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी प्रयोगशाळेत मधुमेही उंदीर सांभाळत होते. काम सांगायला सोपं. त्यांना इंजेक्शन देऊन साखर चढवायची, आणि हृदय, मूत्रपिंडं कशी बिघडतात ते बघायचं. साखर झटकन चढली. पण मूत्रपिंडं? छे! मेले ठणठणीत. मूत्रपिंड बिघडलं की लघवीतून प्रथिनं जातात आणि त्यात बुडवलेली पिवळी पट्टी हिरवी होते. आमची महिनोन्‌महिने पिवळीच. माझे मार्गदर्शक सर माझ्याकडे असे बघायचे, जणू उंदरांना मीच चोरून पथ्याचं खाऊ घालतेय.

साखरवाला उंदीर पाणी मात्र घटाघटा पितो. आम्ही राहायचो त्या बीड बायपासच्या नव्या इमारतीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, एरवी टँकर. तिकडे प्रयोगशाळेत उंदरांना फिल्टरचं पाणी, वर एसी. माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हे फार झोंबायचं. साखर त्यांनाही होती, पण त्यांच्या मते 'थोडीशी'. दुसरा गोड चहा मागितला की मी कावायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं.

"तुझ्या उंदरांना काही झालं का? नाय ना? मग मला काय होतंय?"

माझ्या संशोधनाचा फायदा झाला तो एवढ्या एका माणसाला.

शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. पट्ट्यांची डबी घरी आणली होती, ती त्यांच्यासमोर आपटली. "द्या नमुना. होऊन जाऊ दे!" अण्णा ऐटीत बाटली भरून घेऊन आले. मी पट्टी बुडवली.

हिरवी. गडद हिरवी.

"झाली!" मी ओरडलेच. खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला. किती महिने त्या रंगासाठी झुरले होते! मग ही पट्टी कुणाची ते डोक्यात शिरलं.

अण्णांचा चेहरा फुलला होता. हिरव्या पट्टीपायी मी किती रडलेय, ते त्यांनी बघितलं होतं.

"व्वा! म्हणजे जमलं की गं तुझं! आता तरी चहा टाक."

मी चहा टाकला. साखरेच्या डब्याला हात लावला नाही. अण्णांनी एक घोट घेतला, कपात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

आणि सगळा चहा संपवला.